बरं म्हणजे किती बरं?

मराठीत समीक्षा पुस्तकांची होते, नाटकांची होते, दिवाळी अंकांची होते. एखादा लेखक चिकाटीने जगलाच, तर त्याची स्वतःचीही होते. पण ज्या शब्दावर हा सगळा संसार चालतो, त्या शब्दाची समीक्षा कोणी केल्याचं माझ्या पाहण्यात नाही. तो शब्द म्हणजे 'बरा'. पुस्तक कसं आहे? बरं आहे. नाटक? बरं होतं. लेखक? माणूस तसा बरा आहे. दोनशे पानांचा समीक्षाग्रंथ फडक्यात घालून पिळला, तर खाली वाटीत जे थेंबभर उतरतं ते बहुतेक वेळा एवढंच असतं. बाकीचा चोथा.

समीक्षा करायची म्हणजे आधी घराणं पाहावं लागतं. 'बरा'चं घराणं मोठं आहे. संस्कृतातल्या 'वर' या शब्दाशी त्याचं नातं जोडतात. वर म्हणजे श्रेष्ठ, निवडून घेण्याजोगा. देवाकडे मागतात तोही वर आणि घोड्यावर बसून मांडवात येतो तोही वर. मांडवात शिरताना 'वर' असलेला गृहस्थ पाच वर्षांत 'बरा' कसा होतो, याचा उलगडा व्याकरणातच आहे हे कळल्यावर माझं मन पुष्कळ शांत झालं. यात कोणा व्यक्तीचा दोष नसून हा निव्वळ भाषेचा क्रम आहे, असं मी आमच्या घरीही सांगून पाहिलं. "बरं," असं उत्तर आलं.

जुन्या मराठीत याच घराण्यातला 'बरवा' नांदत होता. बरवा म्हणजे आजचा बरा नव्हे. बरवा म्हणजे देखणा, सुंदर, उत्तम. संतांना विटेवरच्या विठ्ठलाचं रूप पाहून दुसरा शब्द सुचला नाही, तेव्हा त्यांनी हा वापरला. आणि आज? "स्कूटर बरी आहे हो, फक्त सकाळी आठ-दहा किका माराव्या लागतात." विठ्ठलापासून स्कूटरपर्यंत ही घसरगुंडी! रुपयाची घसरण मोजायला रिझर्व्ह बँक तरी आहे. शब्दाची घसरण झाली तर तक्रार करायला खिडकीच नाही.

घसरण झाली ती अशी. 'बरा'च्या वर 'चांगला' राहायला आला. त्याच्यावर 'छान' आला, मग 'मस्त' आला. पुढे 'भारी', 'जबरदस्त' आणि आता 'एक नंबर'. मजल्यावर मजले चढत गेले आणि मूळ मालक तळमजल्याच्या अंधाऱ्या खोलीत पागडीवर राहिला. वरच्या मजल्यांवरचे भाडेकरू बदलत असतात. हा हलत नाही.

आता या शब्दावर नेहमी एक आरोप होतो, तो आधी निकालात काढू. 'बरा' म्हणजे मराठी माणसाच्या कद्रूपणाचा पुरावा, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. बाकीची मंडळी गाणं ऐकून माना डोलावतात, हात उंचावतात, नोटा उधळतात. आपण 'बरं गातो' म्हणतो आणि पायात चपला शोधायला लागतो. पुरावेही भरपूर मिळतात. नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला हा संवाद पाहा.

"कसं वाटतंय?"

"बरं आहे."

"आणि वडा?"

"वडा चांगला आहे!"

आतमध्ये दोन माणसं घाम गाळून शोकांतिका रंगवत होती. वडेवाल्याने फक्त मिरची जास्त घातली होती.

तरीही आरोप मला मान्य नाही. आपल्याकडे कौतुक कमी नाही, कौतुकाची भीती जास्त आहे. उघड स्तुती केली की दृष्ट लागते, हा आपल्या घराघरांतला पक्का सिद्धांत. बाळसेदार मुलाला कोणी 'गोंडस' म्हटलं की आजी लगेच त्याच्या गालावर काजळाचा ठिपका लावते. 'बरा' हा तसला काजळाचा ठिपका आहे. शेजारच्या काकूंना विचारा, "मुलाचं कसं चाललंय?" त्या म्हणणार, "चाललंय आपलं, बरं चाललंय." तुम्ही हळहळता, बिचाऱ्याला कुठे चिकटवता येईल का याचा विचार करता, आणि पंधरा दिवसांनी पेढे येतात तेव्हा कळतं की पोरगा बोर्डात आला आहे. काकूंनी खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त ठिपका लावला होता.

म्हणून 'बरा' ऐकताना शब्दाकडे लक्ष न देता त्याच्या शेजाऱ्यांकडे द्यावं. 'बरी आहे' हे उत्तीर्ण. 'बरी आहे की!' म्हणजे मला अपेक्षा नव्हती, पण पहिला वर्ग. 'बरी आहे म्हणायची' म्हणजे काठावर, तेही परीक्षकाच्या दयेने. आणि 'तशी बरी आहे' म्हणजे साफ नापास. या 'तशी'ने आपल्याकडे किती घरांतले कांदेपोहे वाया घालवले असतील याची गणती नाही. माझ्या एका आतेबहिणीला पाहायला मंडळी आली. पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा चहा घेतला, 'कळवतो' म्हणाली, आणि मध्यस्थाकरवी निरोप आला, "मुलगी तशी बरी आहे." पुढे वाक्य नव्हतंच. आत्या रात्रभर रडली. बहीण रडली नाही. तिने बँकेची परीक्षा दिली, नोकरीला लागली, आणि नंतर एक स्थळ आलं तेव्हा तिला 'मुलगा कसा वाटला?' असं विचारल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणाली, "तसा बरा आहे." लग्न झालं. चाळीसावर वर्षं उत्तम संसार चालू आहे. मेहुणे अधूनमधून तो 'तसा' काढून टाकण्याबद्दल अर्ज करतात. अर्ज विचाराधीन आहे.

'बरा'चा सगळ्यात मोठा प्रताप मात्र नकारात आहे. 'बरं दिसत नाही.' ही आपल्या मध्यमवर्गाची दंडसंहिता. इंग्रजांनी १८६० साली आपल्याला एक दंडसंहिता दिली, ती १६०हून अधिक वर्षं चालली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. 'बरं दिसत नाही' या संहितेत मात्र एवढ्या काळात स्वल्पविराम बदललेला नाही. पहिल्या पंगतीला धावत जाऊन बसणं, श्रीखंड तिसऱ्यांदा मागणं, पाहुण्यांसमोर घड्याळ बघणं, शेजारी मयत असताना कुकरची शिट्टी होऊ देणं: ही सगळी कलमं आपल्याला दुधाबरोबर मिळतात. गंमत अशी की हे कोणाला बरं दिसत नाही, ते वाक्यात कुठेच सांगितलेलं नसतं. फिर्यादी नाही, न्यायाधीश नाही, साक्षीदार नाही. शिक्षा मात्र जन्मठेप.

मी तरुणपणी या संहितेविरुद्ध बंड करणाऱ्यांपैकी होतो. (बंड मनातल्या मनात. उघड करणं बरं दिसलं नसतं.) आता मला वाटतं, आपली अर्धी सत्कृत्यं याच कलमाखाली होतात. आमच्या इमारतीत दोन शेजाऱ्यांत पाण्याच्या टाकीवरून अबोला होता, चांगला अकरा वर्षांचा. एका रात्री दोन वाजता त्यातल्या एकाच्या छातीत कळ आली. दुसरा सदऱ्याची उलटी बटणं लावत खाली उतरला आणि रिक्षा आणून, त्याला धरून इस्पितळात घेऊन गेला. सकाळी मी त्याला म्हटलं, "तुमचं तर बोलणं नाही!" तो म्हणाला, "बोलणं नाहीच. पण न जाणं बरं दिसलं नसतं." यापेक्षा मोठं तत्त्वज्ञान मी जाड पुस्तकांत वाचलेलं नाही. अबोला, अर्थात, पुढे चालू राहिला.

या शब्दाचे किरकोळ उद्योगही पुष्कळ आहेत. "कुठे बरं ठेवला चष्मा?" या वाक्यातल्या 'बरं'ला अर्थ काय? काहीही नाही. पण तो काढून बघा. "कुठे ठेवला चष्मा?" झाली पोलीस चौकशी सुरू! 'बरं' असतो तोवर मी स्वतःशी बोलत असतो; 'बरं' गेला की बायकोवर संशय घेतल्यासारखं होतं. कथेकरीबुवांचा 'बरं का' हा वेगळाच इसम. तो श्रोत्यांत डुलक्या घेणाऱ्यांच्या खांद्याला हात लावून येतो. शब्द दुणावला की अर्थ वाढतो असा मराठीचा सर्वसाधारण शिरस्ता आहे; गरमगरम म्हणजे जास्त गरम. पण 'बरं बरं' म्हणजे 'बरं'च्या निम्मं. एक 'बरं' म्हणजे ऐकलं. दोन 'बरं' म्हणजे आता पुरे. आणि 'बऱ्या बोलानं खाली उतर' यात बोल जितके बरे, तितका हातातला रूळ जवळ आलेला असतो. 'बरोबर' हा याचा सख्खा भाऊ वाटतो खरा, पण तो फारसीतून आलेला पाहुणा. दोघांचं कुळ वेगळं, नाव जुळलं इतकंच.

टेलिफोनवर तर हा शब्द एकटा सगळं भाषण करू शकतो. आमच्याकडे सासऱ्यांचा फोन यायचा तेव्हा मी ऐकणारा आणि ते बोलणारे अशी वाटणी ठरलेली होती. माझ्या बाजूने एवढंच ऐकू यायचं: "बरं. बरं. बरं? ...बरं!" स्वयंपाकघरातून सौ. विचारायची, "किती दिवस राहणार आहेत?" पहिल्या 'बरं'वरून तिला कळायचं की फोन बाबांचा आहे, दुसऱ्यावरून की ते येणार आहेत, प्रश्नचिन्हावरून की उद्याच, आणि शेवटच्या उद्गारचिन्हावरून की बरोबर काकाही आहेत. आता लोक फोनवर बोलण्याऐवजी निरोप टंकतात, आणि 'बरं'च्या जागी पिवळा अंगठा येतो. अंगठ्यात प्रश्नचिन्ह कसं घालणार?

हे सगळं कोशात सापडावं म्हणून मी कोश उघडत असतो. मोल्सवर्थसाहेब कंपनी सरकारच्या पलटणीत आलेला माणूस. त्याने आणि त्याच्या साथीदारांनी १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश काढला आणि १८५७ साली, म्हणजे देशात एवढी धामधूम चालू असताना, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. 'बरा' समजायला त्याला त्रास झाला नसावा, कारण इंग्रजांचं 'वेल' अगदी असंच आहे. तब्येत बरी तरी वेल आणि बोलायला काही सुचत नाही तरी वेल. पुढे दाते-कर्वे मंडळींनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे ७ खंड रचले. या माणसांपुढे हात जोडावेत एवढं ते काम आहे. पण कोश झाला तरी तो अर्थ देतो, सूर कुठून देणार? 'बरं' हा शब्द छापायचाच तर शेजारी पेटीची पट्टी द्यायला हवी.

कोशाच्या बाहेरची आणखी एक गोष्ट. 'बरंवाईट' हा जोडशब्द घ्या. एवढा शहाणासुरता दिसतो, की दोन्ही बाजू ऐकून घेईल असं वाटतं. पण 'त्याचं काही बरंवाईट झालं तर' म्हटल्यावर कोणाच्या डोळ्यांपुढे लॉटरी येते? 'त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर' यात 'बरं' नावालाही काम करत नाही. मरणाचा शब्द उच्चारायचा धीर होत नाही, म्हणून आपण 'वाईट'च्या हाताला धरून 'बरं'ला सोबत पाठवतो. अंधारात जाणाऱ्याबरोबर घरातलं लहान मूल द्यावं, तसं. ते मूल काही करू शकत नाही, पण सोबत होते.

आणि तुकोबा. सतराव्या शतकातल्या त्या भयंकर दुष्काळात दिवाळं निघालं, घरातलं माणूस अन्नावाचून गेलं, गुरंढोरं गेली. या साऱ्याचा हिशेब देवापुढे मांडताना त्यांनी जो शब्द वापरला तो 'वाईट' नव्हे. हाच आपला तळमजल्यावरचा, पागडीचा शब्द. तिथे मात्र त्याची किंमत करायला गेलं की आपलीच बोबडी वळते. एवढं वजन 'मस्त'ला पेललं असतं का, हे ज्याने त्याने घरी करून पाहावं.

'बरा' अजून पूर्ण मोलाने चालतो असा मुलूख पाहायचा असेल तर दक्षिणेला जावं. मालवणी माणूस भेटला की 'काय, बरा मां?' विचारतो आणि उत्तरासाठी खरोखरच थांबतो. बांदा मागे टाकून पत्रादेवीला गोव्यात शिरलं, की भावच बदलतो. कोकणीत 'बरो मनीस' म्हणजे खरोखर चांगला माणूस. आपल्याकडे 'बरा माणूस' म्हणजे ज्याने अजून आपल्याकडे उसने मागितलेले नाहीत तो. तिथे आभार मानायचे झाले तर 'देव बरें करूं' म्हणतात. म्हापशाच्या बाजारात एका म्हाताऱ्या बाईकडून आम्ही डझनभर केळी घेतली. पैसे घेऊन ती म्हणाली, "देव बरें करूं." सौ. माझ्या कानाशी लागून म्हणाली, "एवढ्याशा केळ्यांवर देवाने फक्त बरंच करायचं का? चांगलं नको?" मी तिला समजावलं की इथे 'बरें' म्हणजे पुरतं सोळा आणे, त्याच्या वर मजलाच नाही. तिने वळून आणखी अर्धा डझन घेतली.

आपल्याकडे तसं सोळा आणे 'बरं' एकाच ठिकाणी उरलंय, ते म्हणजे इस्पितळात. ताप उतरला की माणूस 'बरा होतो'. 'चांगला होतो' असं कोणी म्हणत नाही, 'मस्त होतो' तर नाहीच. तिथे मात्र एक फसगत आहे, ती मला मावशीच्या आजारात कळली.

मावशी ऐंशीच्या पुढची. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर तरुण, परप्रांतातून आलेले, पण मराठी कष्टाने शिकलेले. दुखणं मोजायची त्यांच्याकडे शून्य ते दहा अशी पट्टी. शून्य म्हणजे मुळीच नाही, दहा म्हणजे असह्य.

"आजी, दुखतं किती?"

"बरं आहे."

"म्हणजे तीन? चार?"

"आता आकड्यात कसं सांगू बाबा? बरं आहे."

डॉक्टरांनी पुस्तकी मराठीप्रमाणे अर्थ लावला आणि कागदावर दोन लिहिलं. दोनाला जेवढं औषध तेवढं मिळालं. दुसऱ्या दिवशीही तोच सवाल, तोच जबाब, तोच आकडा. रात्री ड्यूटीवर एक सिस्टर आल्या, कणकवलीकडच्या. त्यांनी विचारलं, मावशी म्हणाली, "बरं आहे." सिस्टर क्षणभर तिच्याकडे बघत राहिल्या. मग बाहेर जाऊन त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. मी दाराशीच उभा होतो. त्या म्हणत होत्या, "सर, आजी बरं आहे म्हणताना चादर मुठीत धरतात. हे दोन नाही. हे आठ आहे."

औषध वाढवलं. पहाटे मावशीला झोप लागली. सकाळी सिस्टरनी जाता जाता पुन्हा विचारलं, "आजी, आता कसं?" मावशीने डोळे न उघडता सांगितलं, "आता बरी आहे गं."

सिस्टरनी कागदावर एक लिहिलं. या वेळी विचारण्याची गरजही त्यांना वाटली नाही.

त्या दिवसापासून मी माझ्यापुरतं व्याकरण पक्कं केलं आहे. 'बरं आहे' हे नपुंसकलिंगी. ते हवेबद्दल, जगाबद्दल, कशाबद्दलही असू शकतं. त्यात बोलणारा स्वतः नसतोच. तो पडदा आहे. 'बरी आहे', 'बरा आहे' म्हटलं की माणूस पडद्याबाहेर आला. एका मात्रेचा आणि एका अनुस्वाराचा फरक. पण पिढ्यान् पिढ्या आपल्या घरांतल्या बायकांनी 'कशी आहेस?' या प्रश्नाला 'बरं आहे' हेच उत्तर दिलं आणि आपण ते ऐकून निश्चिंतपणे पुढच्या घासाकडे वळलो. पत्रातही तेच. 'इकडे सर्व बरे आहे.' त्या 'सर्व'मध्ये पत्र लिहिणारी कुठे असायची, ते कोणी शोधलं नाही.

हा नियम मी मावशीच्या मुलीला सांगितला, तिने न्यू जर्सीतल्या भावाला. तो आपल्या रविवारी सकाळी, म्हणजे त्याच्या शनिवारी रात्री, न चुकता फोन करतो. परवा मी तिथेच होतो. मावशी आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरते.

"आई, कशी आहेस?"

"बरं आहे."

"बरं की बरी?"

मावशीने फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे एकदा संशयाने पाहिलं. मग पुन्हा कानाला लावून म्हणाली, "बरं बरं. झोप आता, तुझ्याकडे रात्र झाली असेल."